कर्तेपणाचा वाद

भारतीय कुटुंबात आईवडील आणि वयात आलेली मुले यांच्यात होणारी भांडणे वरवर पाहता किरकोळ कारणांवरून पेटतात. रात्री घरी यायला उशीर झाला, चांगली नोकरी सोडली, आलेले स्थळ न पाहताच नाकारले, पगारातले किती पैसे घरात दिले. ही कारणे बाजूला सारली की मागे एकच प्रश्न उरतो: या घरात निर्णय कोणाचा? मराठीत या अधिकाराला नेमका शब्द आहे, कर्तेपण. ‘कर्ता मुलगा’ म्हणजे कमावता झालेला, भार उचलणारा मुलगा. ‘घराचा कर्ता’ म्हणजे ज्याच्या होकारावाचून घरात काही ठरत नाही तो. पहिला कर्ता उभा राहिला तरी दुसरा कर्ता आपल्या जागी असतोच, आणि या दोघांच्या मधली जी वर्षे जातात त्यांत पिढ्यांचा संघर्ष घडतो.

मराठी कुटुंबात बारसे, मुंज, लग्न, साठी, सहस्रचंद्रदर्शन अशा प्रत्येक टप्प्याचा विधी आहे. कर्तेपण पुढच्या पिढीच्या हाती देण्याचा विधी मात्र नाही. वानप्रस्थाश्रम पोथीत राहिला. संसारी माणसांनी तो क्वचितच पाळला. सासूने कमरेच्या किल्ल्या सुनेच्या हाती देणे हा त्यातल्या त्यात जवळचा प्रकार, पण तोही सासूच्या मर्जीवर अवलंबून. त्यामुळे घराचा अधिकार आजारपणाने, मृत्यूने किंवा भांडणाने हलतो. सुखासमाधानाने हलल्याची उदाहरणे आहेत, पण त्यासाठी घालून दिलेली वाट नाही; प्रत्येक घराला ती नव्याने शोधावी लागते.

पूर्वी ही अडचण आजच्याइतकी जाणवत नसे, कारण मृत्यू लवकर येई. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० वर्षांच्या आसपास आहे. जुन्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे. तरीही बाप हयात असतानाच मुलाने पन्नाशी गाठणे ही तेव्हा विरळा गोष्ट होती, आज ती घरोघरची आहे. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर होती. दोन पिढ्यांच्या प्रौढपणाची इतकी वर्षे एकमेकांवर येण्याचा अनुभव या समाजाला पूर्वी नव्हता. दुसरीकडे मुले कमी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ इतका आढळला. चार-पाच भावंडांत वाटल्या जाणाऱ्या अपेक्षा आता एका-दोघांच्या खांद्यावर येतात.

मुलाने बापासाठी आयुष्य द्यावे, ही कल्पना भारतीय कथांमध्ये फार खोल गेलेली आहे. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला ययाति मुलांकडे तारुण्य मागतो आणि धाकटा पुरू ते देतो. शंतनूला सत्यवतीशी लग्न करता यावे म्हणून देवव्रत आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो. राम बापाच्या शब्दासाठी वनात जातो. ग्रीक कथेतला ईडिपस बापाला मारतो. भारतीय कथांत बहुधा मुलगा माघार घेतो किंवा स्वतःची आहुती देतो, हा भेद ए. के. रामानुजन यांनी दाखवून दिला आहे. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाड यांनी ऑक्सफर्डला जाण्याच्या उंबरठ्यावर, घरच्यांची काळजी आणि नाराजी वाढलेली असताना ‘ययाति’ हे कन्नड नाटक लिहिले. ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. तरुण मुलाकडे त्याग मागणारा बाप आपल्या लेखणीतून का उतरला, हे आपल्याला नंतर उमगले, असे त्यांनी नमूद केले आहे. दोनच वर्षांनी, १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर आणि घर चालवणारे त्याचे वडील यांच्यातला अबोला मराठी वाचकांच्या एका अख्ख्या पिढीने आपलाच म्हणून ओळखला.

हा संघर्ष मोबाइलने किंवा पाश्चात्त्य शिक्षणाने अलीकडे आणला, अशी समजूत सर्रास आढळते. एकोणिसाव्या शतकातले पुणे पाहिले तर ती टिकत नाही. जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि १८४९ साली वडील गोविंदराव यांनी जोतीराव आणि सावित्रीबाई यांना घराबाहेर काढले. बाप वाईट होता म्हणून हे घडले नाही. जातीचा आणि भोवतालच्या समाजाचा दाब बापाच्या डोक्यावर होता आणि तो त्याने मुलावर टाकला. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य आज जे काम करते, तेच तेव्हाही करत होते. दुसरी वाट महादेव गोविंद रानडे यांची. १८७३ साली पहिल्या पत्नीच्या निधनानंतर विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या, एकतिशीतल्या, न्यायखात्यात मोठ्या पदावर असलेल्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या त्यांच्या पुस्तकात त्या लग्नाची हकिगत आहे. ज्या माणसाच्या शब्दाला न्यायालयात आणि सभेत वजन होते, त्याला घरात ‘नाही’ म्हणता आले नाही. रानड्यांच्या या लग्नाच्याच वर्षी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुरोहितावाचून लग्ने लागू लागली.

तिसरी वाट गोपाळ गणेश आगरकरांची. मुलगा एम. ए. होणार, मोठ्या पगारावर लागणार आणि दैन्य फिटणार, अशी आशा टेंभूच्या गरीब घराने धरलेली असताना त्यांनी आईला पत्र लिहून कळवले की आपण मोठ्या पगाराच्या मागे लागणार नाही, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी देऊ. हे पत्र आदर्श म्हणून शाळेत शिकवले जाते. त्यातला मुलाचा निर्धार मोठा आहेच, पण त्या निर्धाराची किंमत आईलाही द्यावी लागणार होती. घराबाहेर पडणे, शरण जाणे आणि लिहून समजावणे हे तीन मार्ग मराठी माणसापुढे दीडशे वर्षांपूर्वीच होते. आजची बहुतेक भांडणे याच तिन्हींपैकी एकावर जाऊन थांबतात.

या वादाला मालमत्तेचे अंग आहे आणि ते भावनेपेक्षा कमी महत्त्वाचे मानणे चूक ठरेल. हिंदू कायद्याच्या मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच वाटा असे, पण व्यवहार कर्त्याच्या हाती. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानले जाई. नव्या कर्जांपुरते हे बंधन २००५ साली कायद्याने संपले. सर्वांत बोलका वाद शिक्षणाच्या कमाईचा. एकत्र कुटुंबाच्या पैशावर विलायतेत शिकून आयसीएस झालेल्या एका अधिकाऱ्याची कमाई कुटुंबाचीच आहे, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने १९२१ साली दिला. त्यावर उपाय म्हणून मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९३०चा कायदा झाला. शिक्षणाचा खर्च कोणी का केला असेना, विद्येच्या बळावर मिळवलेले धन मिळवणाऱ्याचे स्वतःचे, असे त्याने ठरवले. कायद्याने तो प्रश्न तिथे मिटवला. घराघरांत तो मिटलेला नाही. ‘तुझ्या शिक्षणापायी आम्ही पोटाला चिमटा घेतला’ हे वाक्य उच्चारणारी आई किंवा बाप १९३०च्या आधीचाच न्याय मागत असतो, आणि त्या मागणीत लबाडी नसते. वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन नसलेल्या कोट्यवधी घरांत मुलाचे शिक्षण हीच एकमेव गुंतवणूक असते.

शेतकरी घरात कर्तेपणाचा पुरावा कागदावर सापडतो. सातबारा बापाच्या नावावर, राबणारा मुलगा. पीककर्ज, विमा, अनुदान, सोसायटीतले मत हे सगळे सातबाऱ्यावरच्या नावामागे जाते. ठिबक घ्यायचे की नाही, ऊस ठेवायचा की फळबाग लावायची, हे पस्तिशीच्या मुलाला बापाला विचारून ठरवावे लागते. हयातीत वाटणी करून दिली तर मुले विचारणार नाहीत, ही बापाची धास्ती. आणि नावावर काही नसताना आपण घरचे गडीच आहोत, हे मुलाचे दुःख. दोन्ही खरे आहेत. त्यात जमीनच आकसत चालली. महाराष्ट्रात शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १९७०–७१ साली ४.२८ हेक्टर होते; २०१५–१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. जिथे वाटून घेण्यासारखेच थोडे उरते, तिथे वाटणीची भाषा लवकर कडू होते. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’मध्ये (१९८५) विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी गेल्यावर दिवसकार्याचा खर्च, दागिने आणि वाडा यांच्यावरून जे उसवत जाते, ते कर्तेपण वेळेवर न हलल्याचेच चित्र आहे.

शहरात चित्र वेगळे दिसते, मूळ तेच. मुंबईच्या गिरणगावात बापाचा शब्द चाले त्यामागे एक ठोस कारण होते: तो मुलाला गिरणीत चिकटवू शकत असे. ओळखीने बदली कामगार म्हणून नाव लागे आणि पुढे कायम होता येई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. अनेक घरांत बाप बसून राहिला आणि बायको खानावळीवर, मुलगी दुकानात, मुलगा मिळेल त्या कामाला जाऊ लागला. बापाजवळ मुलाला देण्यासारखी नोकरी उरली नाही आणि त्याबरोबर रागावण्याचा अधिकारही ढिला पडला. लालबाग-परळच्या चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोलीत हे सगळे एकमेकांच्या डोळ्यांसमोर घडत होते. २०११च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. दार लावून घेता येत नाही तिथे मतभेदाला निवांतपणाही मिळत नाही, हे या विषयावर लिहिताना सहसा विसरले जाते.

गिरणीची वाट बंद होत असतानाच दुसरी उघडली. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. गुण थोडे कमी असले तरी पैसे भरून मुलाला इंजिनिअर करता येईल, ही शक्यता मध्यमवर्गाच्या आणि बागायतदाराच्या आवाक्यात आली. नंतर लातूर पॅटर्न, कोट्याचे क्लास, मेडिकलची प्रवेश परीक्षा. मुलाच्या कल्पनेपेक्षा घराच्या हिशेबाने शाखा निवडली जाऊ लागली. याच्या पुढचे टोक पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये दिसते. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली मुलेमुली स्पर्धा परीक्षेसाठी तिथे पाच-सात वर्षे काढतात. जाहिरात लांबते, निकाल अडकतो, वय तिशीकडे सरकते. गावाकडून महिन्याला पैसे येतात आणि प्रत्येक पैशाबरोबर ‘यंदा होईल ना?’ हा प्रश्न येतो. इथला तरुण कायद्याने सज्ञान आहे, मतदार आहे, पण मेसचे बिल बापाच्या खात्यातून जाते. त्याला घराशी भांडताही येत नाही आणि घरी परतताही येत नाही. मोठ्याने झालेल्या भांडणापेक्षा या मुक्या ताणाने अधिक माणसे खचतात, आणि धोरण आखणाऱ्यांनी हा ताण घराचा खासगी मामला समजून सोडून देणे अन्यायाचे आहे.

लग्न हा वादाचा सर्वांत तापलेला भाग. पत्रिका, कांदेपोहे, बैठक, याद्या या साखळीत मुलामुलीची ‘पसंती’ विचारली जाते, पण बहुधा घराने गाळून आणलेल्या स्थळांपुरती. जातीबाहेर पाऊल पडले की पसंतीचा अर्थ बदलतो. २०११–१२च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले. जातीच्या भिंती आंतरजातीय लग्नांनी पडतील असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहिले होते. त्याला पाऊणशे वर्षे लोटल्यावरचा हा आकडा आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने धर्म-जात न पाहता लग्नाची सोय केली, मात्र तीस दिवस आधी नोटीस लावण्याची अट ठेवली. घरापासून लपून लग्न करणाऱ्या जोडप्याला हे तीस दिवसच जिवावरचे ठरू शकतात. ‘सैराट’चा (२०१६) शेवट प्रेक्षकाला सुन्न करून गेला, कारण त्यातले रक्त कल्पनेतले वाटत नव्हते. मार्च २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत स्पष्ट केले की सज्ञान व्यक्तीने जोडीदार निवडण्यात आईवडील, भावकी किंवा जातपंचायत यांना आडवे येण्याचा अधिकार नाही, आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणाची जबाबदारी पोलिसांवर टाकली.

बाप पुरोगामी असला म्हणजे संघर्ष टळतो, असेही नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) नाटकात समाजवादी नाथ देवळालीकर मुलीच्या दलित कवीशी होणाऱ्या लग्नाला आनंदाने उचलून धरतो. मुलीच्या आयुष्याचा त्याने आपल्या तत्त्वासाठी प्रयोग केला, हे शेवटी मुलगीच त्याला सुनावते. मुलांच्या आयुष्यावर आईबापाचा ताबा जुन्या रूढीच्या नावाने येतो तसा नव्या विचाराच्या नावानेही येतो. या नाटकावर त्याच्या दलित चित्रणासाठी कडक टीका झाली आणि ती रास्त होती. बापाचे चित्र मात्र आजही अस्वस्थ करते. लग्नाच्या बाजारात अलीकडे आणखी एक पेच आला. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात मुली मिळत नाहीत म्हणून नवरदेवाच्या वेशातल्या तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. शेती सांभाळ असे सांगणारा बाप आणि शेतकरी नवरा नको असे म्हणणारी मुलगी, यांच्या मधे हा मुलगा सापडलेला आहे. ती मुलगीही बहुधा शेतकऱ्याचीच असते आणि तिच्या आईने जे सोसले ते तिने पाहिलेले असते.

मुलींचा संघर्ष मुलांहून वेगळा मोजावा लागतो. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, २००५ साली केंद्राने तो सर्व मुलींना दिला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे नक्की केले. एकत्र कुटुंबातली वडीलधारी मुलगीही कर्ता होऊ शकते, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५मध्ये दिला. तरीही तलाठ्याच्या दप्तरी वारसनोंद होताना बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करताना दिसतात, कारण वाटा मागितला तर माहेर तुटेल ही भीती खरी असते. उलट बाजूने, आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी विवाहित मुलीवरही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सांगितले. जबाबदारीत तिची बरोबरी आधी झाली, हक्कात नंतर. कमावत्या सुनेचा प्रश्नही याच धाग्याचा आहे. सासू-सुनेचे भांडण म्हणून ज्याची चेष्टा होते, ते पुष्कळदा स्वयंपाकघराच्या कर्तेपणाचे भांडण असते, आणि ज्या दोघींना घरात दुसरीकडे कुठेच अधिकार मिळाला नाही त्यांच्यात ते होते.

संघर्षाची शेवटची अवस्था म्हातारपणाची. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) अप्पा बेलवलकर सगळे मुलांना देऊन टाकतात आणि दोन्ही घरांतून परके होतात. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त मुलाच्या अमेरिकेतल्या पत्राची वाट पाहणारे आईवडील आहेत. पहिल्या नाटकाने मराठी मध्यमवर्गाच्या मनात एक धडा पक्का केला, की जिवंतपणी काही नावावर करू नये. आणि तो धडा तरुणांच्या बाजूने पाहिला तर त्यांची कोंडी वाढवणारा ठरला. दुसऱ्यातले दुःख पुढे कोथरूड, डोंबिवली, ठाणे इथल्या असंख्य घरांत आले. तिथे भांडण होत नाही. व्हिडिओ कॉलवर सगळे हसून बोलतात आणि दवाखान्यात शेजारी नेतो. अंतराने वाद शांत होतो, पण मिटतोच असे नाही. या घरांतल्या मुलांना सरसकट कृतघ्न ठरवणे सोपे आहे आणि खोटे आहे. त्यांना परदेशी पाठवण्यासाठी कर्ज काढणारे आईवडीलच होते.

आईवडिलांच्या पोटगीची तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची वाट त्याने खुली केली; अप्पा बेलवलकरांच्या वेळी ही सोय नव्हती. दरमहा निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा त्यात १०,००० रुपये ठेवली आहे. महाराष्ट्रात या अर्जांची सुनावणी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे होते. मूळ कायद्यात वकिलाला तिथे मज्जाव आहे, म्हणजे आईवडील आणि मुले यांनी समोरासमोर उभे राहून स्वतःच बोलायचे आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अर्ज निकाली काढावा लागतो. त्यापूर्वी न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते, आणि दोन्ही बाजूंचे ऐकून अहवाल देण्यासाठी त्या अधिकाऱ्याला एक महिना मिळतो.